टाकीवरचा सम्राट

आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना एका गृहस्थांच्या नाकातून चहा आला आणि थेट माझ्या पांढऱ्या शर्टावर उडाला. डाग अजून आहे, घरी आलात की दाखवतो. तर मुद्दा असा, की चुका सगळ्यांच्याच हातून होतात. पण मी केली तशी चूक करायला अंगात वेगळीच ताकद लागते. अख्ख्या बदलापुरात तसा दुसरा माणूस सापडणार नाही, हे मी छाती पुढे काढून सांगतो!

मी नारायण चोरघे. मूळचा चामटोलीचा. आनंदनगरच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळून रिटायर झालो. माझ्या सहीशिवाय तिथून एक नटबोल्ट बाहेर गेला नाही. आणि बेलवलीतल्या आमच्या सुखनिवास सोसायटीचा मी अकरा वर्षं सेक्रेटरी. दर वेळी बिनविरोध! आता बिनविरोध म्हणजे लोकांचं प्रेमच ना? मी तरी तसंच समजत होतो.

आमच्याकडची शिस्त बघायला बाहेरून लोक यायला हवे होते. आले नाहीत, ती गोष्ट वेगळी. पाण्याच्या वॉल्वची चावी माझ्या कमरेला, शिट्टी माझ्या गळ्यात. पाणी सकाळी सहा ते पावणेसात. पावणेसात म्हणजे पावणेसात! मग कुणाच्या डोक्याला साबण असो नाहीतर डोळ्यात असो. चपला दाराबाहेर एका ओळीत, टाचा भिंतीकडे. लिफ्टमध्ये मोबाइलवर बोलायचं नाही. आणि हे सगळं खाली फळ्यावर माझ्या सुंदर अक्षरात लिहिलेलं. प्रत्येक नोटिशीच्या खाली ठळक शब्द: हुकुमावरून, सेक्रेटरी.

कुणी "का हो काका, असं का?" म्हणून विचारलं, की मी बोलायचोच नाही. नुसतं फळ्याकडे बोट दाखवायचो.

आणि खुर्ची! सोसायटीच्या सभेत सगळ्यांना सतरंजी, मला हातांची निळी प्लास्टिकची खुर्ची. त्या खुर्चीवर बसलं की माणसाचा आवाज आपोआप खर्जात जातो, तुम्ही बसून बघा.

तर मागच्या वर्षी वार्षिक सभेच्या तोंडावर बातमी आली, की तिसऱ्या मजल्यावरच्या विमलताईंनी सेक्रेटरीपदासाठी नाव दिलंय. विमलताई घरून पोळीभाजीचे डबे देतात. बाई कष्टाळू, पण एक वाईट खोड. प्रश्न विचारतात! आदल्या सभेत सगळ्यांसमोर म्हणाल्या, "टाकी भरलेली असते, मग पाणी पावणेसातलाच का बंद करता?" मी त्यांना विषयपत्रिकेत नाही म्हणून खाली बसवलं. तीच बाई आता माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून होती. मला झोप लागेना. अकरा वर्षांची सवय, खुर्ची गेली तर मी सकाळी सहाला उठून करू काय?

आणि अशात देव पावावा तशी पहिल्या मजल्यावरची ऋतुजा आली. पोरगी नोकरी करते आणि रविवारी कॅमेरा घेऊन फिरते.

"काका, एक फिल्म बनवतेय. सुपरहिरोची, कॉमेडी. पॉलिटिकल सटायर आहे. आपल्या सोसायटीतच शूट करायचंय."

"परवानगी पाहिजे?"

"परवानगी पाहिजेच, पण तुम्ही पण पाहिजे. मेन रोल आहे. तुमच्याशिवाय दुसरं कुणी डोळ्यांसमोर येतच नाही."

आता मी नाही म्हणणार होतो का? "नाव काय सिनेमाचं?"

"टाकीवरचा सम्राट."

"आणि सम्राट कोण?"

"तुम्हीच की!"

अहो, सिनेमाच्या नावातच मी! ऋतुजा पुढे सांगायला लागली, "तर स्टोरी अशी आहे काका, एका शहरात एक हुकू..."

"स्टोरी राहू दे," मी म्हटलं. "नातवाबरोबर असले सिनेमे ढिगानं बघितलेत मी. झगा असतो, उंचावर उभं राहायचं, खाली शहर."

"हो, पण तुमचं कॅरेक्टर जरा..."

"कॅरेक्टर समजलं. मला एवढंच सांग, ड्रेस कुठला?"

"काका, स्क्रिप्ट तरी वाचा एकदा."

"स्क्रिप्ट तुझ्याकडे ठेव. फळ्यावरच्या नोटिसा मी स्वतः लिहितो, मला डायलॉग कोण लिहून देणार?"

 ती हसली आणि म्हणाली, "हे तर बेस्टच झालं. तुम्ही रोज बोलता तसंच बोला."

म्हणजे बघा, पोरीनं सांगायचा तीनदा प्रयत्न केला होता. मीच तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. हे मी आज प्रामाणिकपणे कबूल करतो.

ड्रेसच्या बाबतीत मी काटकसर केली नाही. उल्हासनगरला, कॅम्प पाचला माझ्या ओळखीचे एक सिंधी टेलर आहेत, सगळे त्यांना मास्टर म्हणतात. त्यांच्याकडे गेलो. जांभळा झगा, सोनेरी काठ, पुढे पितळी बटणांच्या दोन रांगा. वर लावायला मेडलं मी घरूनच नेली होती. एक कारखान्याच्या सुरक्षा सप्ताहाचा बिल्ला. आणि तीन 'आदर्श सेक्रेटरी' म्हणून मिळालेली. कुणी दिली म्हणता? सोसायटीनं. म्हणजे ठराव मीच मांडला होता.

मास्टरांनी मेडलं हातात घेऊन उलटीसुलटी केली. "साईं, हीरो का ड्रेस है या विलन का?"

"हीरो का! मेन हीरो!"

"तो ये मेडल किसलिए? हीरो लोग मेडल नहीं लगाता, साईं. इतना मेडल वोही लगाता है जो अपने को खुद देता है."

"मास्टर, आप सिलाई करो."

त्यांनी खांदे उडवले आणि माझ्या पोटाचं माप घेतलं.

शूटिंग चार रविवार चाललं. मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर उभा, झगा फडफडतोय, मागे पार टावळीचा डोंगर दिसतोय. काय तो रुबाब! ऋतुजा खालून म्हणाली, "काका, समजा कुणी विचारलं पाणी का बंद केलं, तर तुम्ही काय म्हणाल?"

मी गरजलो, "का? का म्हणजे? या शहरात 'का' विचारायचं नाही! ज्याला 'का' विचारायचंय त्यानं लेखी अर्ज करावा, आणि अर्ज का केला ते सांगावं!"

"कट! काका, जबरदस्त!"

ऋतुजाच्या टीममधल्या सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक जण तर हसून हसून खाली बसला. मला वाटलं, आनंदानं.

आता मजा ऐका. सिनेमात आणखी एक पात्र होतं. तोंडाला जुन्या साडीचा मास्क, पाठीवर टेबलक्लॉथ बांधलेली बाई. ती शहरभर फिरते, कुलपासमोर उभी राहते आणि विचारते, "का?" की कुलूप गळून पडतं. बस, एवढीच तिची शक्ती. ते काम कोण करत होतं? विमलताई!

तुम्हीच सांगा, मी काय समजावं? तोंड झाकलेली बाई, कुलपं पाडत फिरते, सुरळीत चाललेल्या राज्यात प्रश्न विचारते. ही व्हिलनच ना? म्हणजे निवडणुकीत माझ्या विरोधात उभी असलेली बाई पडद्यावर व्हिलन, आणि मी सम्राट! असा प्रचार पैसे मोजून तरी मिळतो का कुणाला? मी मनातल्या मनात ऋतुजाला आशीर्वाद दिला.

तिसऱ्या रविवारी एक किरकोळ प्रकार झाला. दुपारी सगळे विमलताईंकडे जेवायला खाली गेले आणि दुसऱ्या शॉटसाठी लागते म्हणून कुणीतरी शिडी हलवली. मी टाकीवरच. उतरता येईना. दहा मिनिटं मी एकटा उन्हात, अंगात जांभळा झगा. शिट्टी वाजवून पाहिली, कुणी आलं नाही. शेवटी ओरडलो, "अरे, कुणी आहे का? शिडी कुठाय?" मग विमलताईच धावत वर आल्या, त्यांनी शिडी लावली. ही गोष्ट मी विसरून गेलो. तुम्हीही विसरा.

आमची सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, ऋतुजाला एकदा नीट विचारा तरी, तुमचं काम नेमकं काय आहे ते."

"त्यात विचारायचं काय?"

"तेच म्हणते मी. तुम्हाला विचारणं जमतच नाही."

मी तिला फळ्याकडे बोट दाखवणार होतो, पण फळा खाली होता.

मग मी आयुष्यातल्या सर्वोत्तम तीन नोटिसा लिहिल्या. पहिली: रविवारी संध्याकाळी सात वाजता पार्किंगमध्ये चित्रपट, सर्व सभासदांना हजेरी सक्तीची. दुसरी: चित्रपट चालू असताना कुणीही उठून जायचं नाही. आणि तिसरी, माझ्या डोक्यातून निघालेली खास: वार्षिक सभेची निवडणूक पुढे ढकलण्यात येत नसून अलीकडे ओढण्यात येत आहे. चित्रपट संपताक्षणी, त्याच जागी, हात वर करून मतदान. हुकुमावरून!

लोखंड तापलेलं असतानाच मारायला नको का घाव? लोकांच्या डोळ्यांसमोर सम्राट ताजा असतानाच मतं घ्यायची. कशी होती आयडिया?

रविवार उजाडला. चामटोलीहून माझी थोरली बहीण आली, आक्का. उल्हासनगरहून मास्टर आले, आपला झगा पडद्यावर बघायला. दोन पिलरच्या मध्ये पांढरी चादर ताणलेली. समोर सतरंज्या, आणि बरोबर मधोमध माझी निळी खुर्ची. त्या खुर्चीत मी. पूर्ण पोशाखात! झगा, बटणं, मेडलं, गळ्यात शिट्टी. सुनंदा म्हणाली होती साधा शर्ट घाला म्हणून. पण सम्राट कधी शर्टात येतो का?

सिनेमा सुरू झाला. टाकीवर मी! टाळ्या! मी मागे वळून हात हलवला. तेवढ्यात पडद्यावर ऋतुजाचा आवाज आला: "या शहरावर एका हुकूमशहाचं राज्य होतं."

मी नीट सरसावून बसलो. म्हटलं बघू कोण आहे हा हरामखोर! पडद्यावर मी शिट्टी मारतोय. पुढच्या दृश्यात मी फळ्यावर लिहितोय. त्याच्या पुढे मी चपलांच्या टाचा पट्टीनं मोजतोय. मी आपला वाट बघतोय, हुकूमशहा येणार कधी?

शेजारून आक्का वाकली. तिचं कुजबुजणं पार्किंगच्या गेटपर्यंत ऐकू जातं. "आरं नारायन, यो हुकूमशा तं तुझ्यावानीच दिसतंय!"

पार्किंगमध्ये जो हशा उसळला म्हणता! आणि तेव्हा, अकरा वर्षांत पहिल्यांदा, माझ्या डोक्यात एक प्रश्न आला.

पुढचं काय सांगू? एक माणूस डोक्याला शाम्पू लावून मगभर पाण्यासाठी अख्खं शहर पालथं घालतो आणि शेवटी शहाळं फोडून डोकं धुतो. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांवर खरंच ही वेळ आली होती. ते सतरंजीवर अक्षरशः लोळत होते. सम्राट स्वतःच स्वतःला मेडल देतो, स्वतःच टाळ्या वाजवतो आणि स्वतःच उठून आभार मानतो. मागून मास्टरांचा आवाज आला, "बोला था ना साईं!"

मग ती मास्कवाली बाई आली. पहिल्या कुलपापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "का?" कुलूप पडलं, टाळ्या. तिसऱ्या कुलपाला पोरं तिच्याबरोबर ओरडायला लागली. पाचव्या कुलपाला अख्खं पार्किंग एका सुरात, "काऽऽऽ?" त्यात आक्काचा आवाज सगळ्यांत वरचा. आणि आक्काच्या पलीकडे आमची सुनंदा! हात वर करून! लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिला एवढं मोठ्यानं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

मी झगा काढायचा विचार केला. आत फक्त बनियन होतं. उठून जावं म्हटलं, तर माझीच नोटीस! कुणीही उठून जायचं नाही. बसलो तसाच, मेडलांवर हात ठेवून.

आणि मग शेवट आला. शहरातली सगळी कुलपं गळून पडलीयेत, लोक आपापलं पाणी भरून आपापल्या कामाला लागलेत, सम्राटाची कुणाला गरजच उरलेली नाही. टाकीवर तो एकटा. शिट्टी वाजवतो, कुणी येत नाही. ऊन लागतंय, झगा लोंबतोय. आणि तो ओरडतो, "अरे, कुणी आहे का?"

कॅमेरा चालू राहिला होता हो त्या दिवशी! तो अभिनय नव्हता. तो मी होतो.

 कुणी हसलं नाही. पडद्यावर मास्कवाली बाई शिडी घेऊन आली, टाकीला लावली आणि मास्क खाली ओढून म्हणाली, "बघा, विचारता येतं की तुम्हाला." संपला सिनेमा.

 खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरले. माझी लाज वाटत होती, आणि त्याच वेळी वाटत होतं, काय सुंदर बनवलंय या पोरीनं! माझ्या डोळ्यांसमोर मोठी झालेली, माझ्याच शिट्टीला घाबरून झोपाळ्यावरून उतरणारी ही चिमुरडी. मला कुणी असं बघितलंच नव्हतं कधी.

दिवे लागले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ऋतुजा पुढे आली. "काका, आवडली?"

"अगं, हुकूमशहा मी होतो?"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे? तुम्हाला माहीत नव्हतं? काका, आम्ही तर सगळीकडे सांगत होतो, चोरघे काका किती मोठ्या मनाचे! स्वतःवरच हसायला तयार झाले म्हणून!"

आता बोला. ज्या मोठ्या मनाचा मला पत्ताच नव्हता, त्याचं कौतुक अख्खी सोसायटी महिनाभर करत होती!

तेवढ्यात आमचे चेअरमन उठले. अकरा वर्षांत त्यांनी माझ्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. घसा साफ करून म्हणाले, "नोटिशीप्रमाणे आता मतदान. हुकुमावरून." पुन्हा हशा.

"विमलताईंच्या बाजूनं कोण?"

हातच हात! मी मोजत नव्हतो. पण एक हात सगळ्यांपेक्षा उंच दिसत होता, त्याला जांभळी बाही होती. तो माझाच! शपथेवर सांगतो, मी वर केला नाही, तो गेला.

"नारायण चोरघ्यांच्या बाजूनं?"

एकच हात. ऋतुजाचा. माझं मन भरून आलं. तोवर चेअरमन म्हणाले, "ऋतुजा, फ्लॅट तुझ्या वडिलांच्या नावावर आहे. तुला मत नाही." म्हणजे मिळालेलं एकुलतं एक मतही बाद!

मी उठलो. कमरेची चावी काढली, विमलताईंच्या हातात दिली आणि विचारलं, "वॉल्व जरा अडकतो. जमेल का तुम्हाला?"

"तुम्ही शिकवाल का?" त्या म्हणाल्या.

आता रोज सकाळी सहाला मी त्यांच्याबरोबर वॉल्वपाशी असतो. पाणी साडेसातपर्यंत चालू असतं आणि टाकी कधी रिकामी होत नाही. ते कसं काय, हे मला अजून कळलेलं नाही. निळी खुर्ची विमलताईंनी वॉचमनला देऊन टाकली, त्या स्वतः सतरंजीवर बसतात. फळ्यावरच्या नोटिसा मात्र माझ्याच अक्षरात असतात. खाली लिहितो: विनंतीवरून.

तुम्हाला वाटेल, बिचारा चोरघे, तोंड लपवून फिरत असेल. अजिबात नाही! बेलवलीच्या नाक्यावर पोरं मला सलाम ठोकतात, "सम्राट, चहा घेणार का?" मी घेतो. माझ्याइतका हुकूमशहा अख्ख्या तालुक्यात कुणी वठवलेला नाही, याचा मला अभिमान आहे.

दोन महिन्यांनी ऋतुजाची फिल्म अंबरनाथला एका स्पर्धेत लागली. सगळी सोसायटी गाड्या करून गेली. मी झगा इस्त्री करून घेतला होता. आक्का हॉलमध्ये अनोळखी माणसांना हाताला धरधरून सांगत होती, "त्यो हुकूमशा हाय नं, त्यो माजा भाव हाय!"

फिल्मला बक्षीस मिळालं. ऋतुजा आणि विमलताई स्टेजवर गेल्या, मी इतक्या जोरात शिट्टी मारली की मागचा एक जण दचकून उभा राहिला. आणि मग माइकवरून घोषणा झाली: सर्वोत्कृष्ट अभिनेता, श्री. नारायण चोरघे!

आयुष्यात पहिल्यांदा मला असं मेडल मिळत होतं ज्याचा ठराव मी मांडला नव्हता. परीक्षकांनी ते माझ्या गळ्यात घातलं, माइक माझ्यापुढे धरला आणि कौतुकानं म्हणाले, "चोरघेसाहेब, इतका सहज, इतका खरा हुकूमशहा आम्ही पाहिला नव्हता. या भूमिकेची तयारी किती दिवस केलीत?"

मी छाती पुढे काढली.

"अकरा वर्षं," म्हटलं.